राखणदाराचें वेतन कोणीं द्यावें?

धान पिकविणाऱ्या मुलखांत पाण्याचा प्रश्न हा केवळ पाण्याचा नसतो, तो विश्वासाचाहि असतो. भंडारा, आणि त्यापासून १ मे १९९९ रोजीं वेगळा झालेला गोंदिया, हे दोन जिल्हे तलावांचे जिल्हे म्हणून प्रसिद्ध आहेत. गोंड राजांच्या आश्रयानें कोहळी लोकांनीं ह्या भागांत जे तलाव बांधिले, त्यांपैकीं अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील नवेगांव बांध हा पुष्कळांस ठाऊक आहे. कोलू पाटील कोहळी यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं तो बांधिला असें सांगतात. तलाव बांधणें हें एक काम. त्याचें पाणी पहिल्या बांधीपासून शेवटच्या बांधीपर्यंत न्यायानें पोंचविणें हें दुसरें, आणि तें अधिक नाजूक. ह्या दुसऱ्या कामाकरितां पाणकर नेमलेला असे. त्यानें पाळीप्रमाणें पाणी सोडावें, आणि ज्यांच्या बांध्या भिजल्या त्यांनीं आपल्या धानांतून त्याचा वांटा त्यास द्यावा, अशी ती व्यवस्था होती. मालगुजाराची गांवावर सत्ता होती आणि ती नेहमींच न्यायाची होती, असें म्हणणें भोळेपणाचें होईल. तरीहि ह्या व्यवस्थेंतील एका मर्माकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. पाणकराचें पोट एकाच मोठ्या घरच्या कोठारावर भरत असतें, तर त्यानें प्रत्यक्ष कांहींहि अन्याय न करतां पाणी त्या घरच्या बांधीकडे थोडें अधिक वळलें असतें. पाणकर लबाड असावा लागत नाहीं. तो कोणाच्या घरचें खातो एवढें पुरेसें असतें.

आज त्याच मुलखांत दुसरें एक पाणी वाहूं लागलें आहे. शासकीय आधारभूत दरानें धान विकावयाचें तर शेतकऱ्यास आधार क्रमांक, सातबारा आणि बँकेचें पासबुक दाखवून संगणकावर नोंदणी करावी लागते. रेशनच्या दुकानांत धान्य घ्यावयाचें तर यंत्रावर आंगठा टेकावा लागतो. २०२५ सालापासून शेतीच्या सरकारी योजनांसाठीं शेतकरी ओळख क्रमांकहि आपल्या राज्यांत आवश्यक झाला आहे. ह्याशिवाय मोबाइलवरील प्रत्येक ॲप आपणांस न कळत आपली कांहीं ना कांहीं नोंद करून ठेवतें, ती गोष्ट निराळीच. आधार क्रमांकाचें पहिलें वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच राज्यांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं झालें; तेव्हां ह्या प्रकरणांत महाराष्ट्राचीं खेडीं मागाहून आलीं असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं.

ही माहिती देणें मुळांतच वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. पाण्यावांचून जसें धान नाहीं, तसा नोंदीवांचून आजचा कारभार नाहीं. प्रश्न एवढाच कीं, एकदां दिलेली माहिती पुढें कोणाच्या बांधींत जाते, हें पाहणारा कोण? २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं पुट्टस्वामी खटल्यांत एकमतानें निर्णय दिला कीं, खाजगीपणा हा राज्यघटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे. निर्णय थोर आहे. परंतु हक्क हा कागदावर आपली राखण आपण करीत नाहीं. कंपन्यांच्या बारीक अक्षरांतील अटी कोणीतरी वाचाव्या लागतात. एखादें ॲप माहिती चोरून कोठें पाठवितें हें कोणीतरी उकलून पाहावें लागतें. न्यायालयांत अर्ज करावे लागतात. ज्यांतून निरोप दुसऱ्यास वाचतां येऊं नये अशीं साधनें रचावीं लागतात. जगांत आज हें काम बव्हंशीं ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या संस्था करीत आहेत. ह्या संस्था खातात काय? आमच्या मतें हा प्रश्न हिशेबाचा नसून नीतीचा आहे.

प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं, ज्याची राखण होते तोच राखणदाराचें मोल सहसा कां देत नाहीं. पहिलें कारण, खाजगीपणाची हानि डोळ्यांस दिसत नाहीं. घरांतून भांडें गेलें तर घर रितें दिसतें. माहिती गेली तरी ती आपणांपाशीं जशीच्या तशी असते. दुसरें कारण, ही हानि फार पातळ पसरलेली असते. गूगल कंपनीनें लोकांनीं शोधलेले शब्द इतर संकेतस्थळांस कळूं दिले, अशा आरोपावरून अमेरिकेंत खटला झाला आणि ८५ लाख डॉलरवर तडजोड ठरली. रक्कम मोठी वाटते; परंतु वादींच्या वर्गांत सुमारें १२ कोटि ९० लाख माणसें होतीं, म्हणजे माणशीं सात सेंटहि आले नसते. म्हणून खर्च वजा जातां उरलेला पैसा लोकांस न वांटतां खाजगीपणाविषयीं काम करणाऱ्या संस्थांस व विद्यापीठांस द्यावा असें ठरलें. हें योग्य कीं अयोग्य हा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि मार्च २०१९ मध्यें त्या न्यायालयानें मुख्य प्रश्नाचा निकाल न लावतांच प्रकरण खालीं परत पाठविलें. ज्या हानीची भरपाई मोजतां येत नाहीं, तिच्या राखणीसाठीं कोणी आपल्या गांठीचा पैसा सोडीत नाहीं, हा मनुष्यस्वभाव ह्या एका प्रकरणांत स्पष्ट दिसतो.

ज्यानें द्यावें तो देत नाहीं, म्हणून दुसऱ्यांचे हात पुढें येतात. ते किती परींचे आहेत पाहा. फायरफॉक्स हा ब्राउझर मोझिला फाउंडेशन ह्या २००३ सालीं स्थापन झालेल्या ना-नफा संस्थेच्या छत्राखालीं तयार होतो. त्याच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग गूगलकडून येतो, कारण त्या ब्राउझरमध्यें शोधासाठीं प्रथम गूगलच पुढें यावें असा करार आहे. सिग्नल हें निरोप पाठविण्याचें साधन चालविणारी संस्था २०१८ सालीं उभी राहिली ती व्हॉट्सॲपच्या संस्थापकांपैकीं ब्रायन ॲक्टन यांच्या ५ कोटि डॉलरांच्या बळावर. आणि २०२५ पर्यंत आपला वर्षाचा खर्चच सुमारें तेवढा होईल असें त्या संस्थेनें २०२३ सालीं जाहीर केलें. टॉर ह्या जाळ्याची मूळ कल्पना अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेंत निघाली, आणि त्या संस्थेस अमेरिकन सरकारचा पैसा पुष्कळ मिळत आला आहे. उलट १९९० सालीं स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचा निम्म्याहून अधिक भार सामान्य देणगीदारांवर आहे. आणि २०१६ सालीं दिल्लींत निघालेली इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन भारतीयांच्या देणग्यांवर चालते व आपला हिशेब प्रसिद्ध करते.

आपल्या देशांत ह्या वाटा आणखी अरुंद आहेत. परदेशी देणग्यांविषयींचा २०१० चा कायदा २०२० सालीं अधिक कडक झाला. त्या पैशांतून कचेरीचा खर्च पूर्वीं ५० टक्क्यांपर्यंत करतां येई तो २० टक्क्यांवर आला, आणि एका संस्थेनें तो पैसा दुसरीस देण्यास बंदी झाली. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांनीं नफ्याचा २ टक्के भाग समाजकार्यास द्यावा असें ठरविलें खरें. परंतु स्वतःच्याच गिऱ्हाइकांच्या माहितीवर पहारा ठेवणाऱ्यास पोसण्याची हौस कोणत्या कंपनीस असेल, हें सांगावयास ज्योतिषी नको.

येथें एक पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो दुर्बळ नाहीं. पैशाला जात नसते, असें म्हणणारे म्हणतात. पैसा कोठून आला हें पाहूं नये, त्यांतून काय झालें तें पाहावें. महर्षि कर्वे यांनीं १९१६ सालीं काढिलेल्या महिला विद्यापीठास १९२० सालीं विठ्ठलदास ठाकरसी यांनीं १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचें नांव मिळालें. ह्यांत कोणाचें काय बिघडलें? हजारों मुली शिकल्या. गिरणीमालकाचा पैसा म्हणून तो परत केला असता तर नुकसान मुलींचेंच झालें असतें.

हें म्हणणें आम्हांस मान्य आहे, पण तें शाळेपुरतें. शाळेचें काम देण्याचें आहे, राखणदाराचें काम अडविण्याचें आहे. विद्यापीठास देणगी देणाऱ्या गृहस्थापासून विद्यार्थिनींचें रक्षण करणें हें त्या विद्यापीठाचें काम नव्हतें. खाजगीपणा राखणाऱ्या संस्थेचें मात्र तेंच काम आहे. आणि ज्यास अडवावयाचें, त्याच्याच घरचें जेवून त्यास अडविणें मनुष्यास कठीण जातें. म्हणून 'पैशाला जात नसते' हें वचन सर्व सत्कार्यांस सारखें लागू करणें ही विचाराची चूक आहे.

तरी आम्हीं मोझिलेवर अन्याय करतां कामा नये. त्याच संस्थेच्या ब्राउझरनें २०१९ सालापासून वाचकाच्या मागावर राहणाऱ्या परक्या कुकी आपण होऊन अडविण्यास आरंभ केला, आणि ह्या गोष्टीनें जाहिरातीचा धंदा करणाऱ्यांचें हित खचित साधलें नाहीं. म्हणजे परक्याचें अन्न खाऊनहि पहारा करतां येतो. मग दोष कोठें? तो पुढें दिसून आला. ऑगस्ट २०२४ मध्यें अमेरिकेच्या एका न्यायालयानें ठरविलें कीं, शोधाच्या धंद्यांतील आपली मक्तेदारी गूगलनें बेकायदा राखिली, आणि असे पैसे देऊन केलेले करार हें त्याचें एक साधन होतें. ते करार बंद करावे काय, ह्याची सुनावणी २०२५ सालीं चालली असतां मोझिलेच्या अर्थविभागाच्या प्रमुखास न्यायालयांत सांगावें लागलें कीं, हा पैसा थांबला तर फायरफॉक्सचा जीव धोक्यांत येईल. सप्टेंबर २०२५ च्या निर्णयांत न्यायालयानें असे पैसे देण्यास सरसकट बंदी घातली नाहीं. ह्या साक्षींत खोटें कांहीं नव्हतें, आणि हेंच तिच्यांतलें दुःख होय. बलाढ्याचें बळ कमी करण्याचा प्रसंग आला, तेव्हां राखणदारास त्याच्या बळाच्या बाजूनें बोलणें भाग पडलें. कारण त्याची भाकर तेथून येत होती.

ह्यावरून आम्हांस एक कसोटी सुचते. देणारा कोण, हा प्रश्न दुय्यम आहे. एका देणाऱ्यानें हात आंखडला तर काम थांबतें काय, हा प्रश्न मुख्य आहे. ज्या संस्थेस दहा हजार माणसें थोडें थोडें देतात, तिला त्यांपैकीं एक श्रीमंत रागावून गेला तरी चालतें. जिला एकच हात भरवितो, तो हात कितीहि पवित्र असो, सरकारचा असो वा दानशूराचा असो, ती संस्था त्या हाताकडे पाहूनच शब्द उच्चारील. कित्येकदां तर तिला शब्द गिळावेहि लागणार नाहींत. कांहीं प्रश्न तिच्या मनांतच येणार नाहींत. न बोललेल्या शब्दाचा निदान पश्चात्ताप होतो. न सुचलेल्या प्रश्नाचा पत्ताहि लागत नाहीं. अमेरिकेंतील कंझ्युमर्स युनियन १९३६ सालीं निघाली तेव्हांपासून तिनें आपल्या मासिकांत मालाच्या जाहिराती न घेण्याचा आणि तपासावयाच्या वस्तु दुकानांतून विकत घेण्याचा जो नेम ठेविला, त्याचें बीज हेंच आहे.

परंतु एवढ्यानें आम्ही समाधान मानलें, तर आमचाच युक्तिवाद आम्हांवर उलटेल. पुष्कळांच्या थोड्या थोड्या पैशालाहि कल असतो. तो देणाऱ्यांकडे असतो. आणि आज देणारे कोण आहेत? ज्यांस ह्या विषयाचें इंग्रजी वाचतां येतें, ज्यांच्या मोबाइलवरून क्षणांत देणगी जाते, जे बहुतेक मोठ्या शहरांत राहतात, ते. त्यांचे निरोप सुरक्षित राहावेत, त्यांचा जाहिरातवाल्यांनीं पाठलाग करूं नये, ह्या चिंता खऱ्याच आहेत. परंतु सालेकसा किंवा देवरी तालुक्यांत तेंदूपत्ता तोडून पोट भरणाऱ्या बाईचा आंगठा यंत्रानें ओळखला नाहीं तर ती कोणाकडे जाईल, तिच्या आधार कार्डाची छायाप्रत ठिकठिकाणीं कोणाच्या दप्तरांत पडून आहे, तिच्या नांवावर दुसऱ्या कोणी सिमकार्ड घेतलें काय, ह्या चिंता देणगी देणाराच्या मनांत सहज येत नाहींत. पाणी वरच्या बांधींतच जिरलें, तर पाणकर प्रामाणिक होता ह्यांत शेवटच्या बांधीचें काय सुख? राखणीची खरी परीक्षा शेवटच्या बांधीवर होते.

गरिबानें द्यावें कोठून, असें कोणी विचारील. महाराष्ट्राचा अनुभव ह्याबाबत निराशेचा नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं पैसा पैसा मागून पैसाफंड उभारला, आणि त्यांतून १९०८ सालीं तळेगांवीं कांचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढिली, आणि तिच्या वसतिगृहांतील मुलांसाठीं घरोघरच्या जात्यांवरून मूठमूठ धान्य जमविलें गेलें. १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें कुटुंबांचे संघ करून महिन्याचें वाणसामान एकत्र खरेदी करण्याचा प्रघात पाडला. गिऱ्हाइकें आधीं खरेदीसाठीं एकत्र आलीं आणि त्या एकीच्या जोरावर हक्कासाठीं भांडूं लागलीं. ह्या तिन्ही उदाहरणांत देणाऱ्यास फळ मात्र दिसत होतें: कांच दिसत होती, शिकलेला मुलगा दिसत होता, स्वस्त व चोख माल घरीं येत होता. खाजगीपणाचें फळ म्हणजे न घडलेली गोष्ट. म्हणून हें काम केवळ मुठीवर सोडून चालणार नाहीं. त्यास सार्वजनिक पैशाचीहि जोड हवी.

असा पैसा अस्तित्वांत आणतां येतो, आणि त्याला नमुनाहि घरचाच आहे. व्यापाऱ्यास परत करावयाचा कर त्यानें आधींच गिऱ्हाइकांकडून वसूल केला असेल, तर तो त्यास देणें अन्यायाचें होय. आणि गिऱ्हाइकें शोधून काढणें तर अशक्य. असा पैसा जमा करण्यासाठीं केंद्र सरकारनें १९९२ सालीं ग्राहक कल्याण निधि सुरू केला, आणि २०१७ च्या वस्तु व सेवा कराच्या कायद्यांतहि त्यास स्थान आहे. त्यांतून ग्राहकसंस्थांस साहाय्य मिळतें. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा जो कायदा ११ ऑगस्ट २०२३ रोजीं संमत झाला, त्यांत चुकणाऱ्या कंपनीस २५० कोटि रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पण तो सर्व दंड भारताच्या संचित निधींत जावयाचा आहे. ज्याची माहिती फुटली त्यास भरपाई देण्याची तरतूद ह्या कायद्यांत नाहीं. उलट त्यानेंच खोटी अगर क्षुल्लक तक्रार केली, तर त्यास मात्र १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. आमचें म्हणणें असें कीं, अशा दंडाचा कांहीं ठराविक हिस्सा ग्राहक कल्याण निधीप्रमाणें वेगळा काढून राखणीच्या कामास द्यावा. आणि तो कोणा मंत्र्याच्या मर्जीनें नव्हे, तर कायद्यानें ठरलेल्या प्रमाणानें द्यावा. कारण सरकार हें स्वतःच लोकांच्या माहितीचें सर्वांत मोठें कोठार आहे. मर्जीचा पैसा सरकारकडून येवो कीं कंपनीकडून, पाणकराच्या पायांत तो सारखीच बेडी घालतो.

मग असा हक्काचा पैसा मिळाल्यावर गांवकऱ्यांची मूठ कशाला, अशी शंका शेवटीं उरते. तिचें उत्तर पुन्हां तलावांपाशींच आहे. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट झाली व तलाव सरकारकडे गेले. आज लोक त्यांस मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी गेली हें न्यायाचेंच झालें. परंतु तलाव सरकारचा, तेव्हां गाळहि सरकारनेंच काढावा, ही वृत्ति त्याबरोबर बळावली, आणि कित्येक तलाव गाळानें भरत गेले. जो वांटा देतो तो पाळ पाहावयास जातो, आणि पाणी कमी आलें तर पाणकरास जाब विचारतो. देणें बंद झालें कीं विचारणेंहि बंद होतें. म्हणून राखणीस दिलेला पैसा ही केवळ देणगी नव्हे; तो जाब विचारण्याचा अधिकार आहे, आणि हा अधिकार दुसऱ्याच्या पैशानें विकत घेतां येत नाहीं.

गोंदिया जिल्ह्यांतील बचत गट, धान खरेदी करणाऱ्या सहकारी संस्था आणि ग्रामसभा ह्यांनीं वर्षाला माणशीं पांच-दहा रुपये ह्या कामास बाजूस काढले, तर त्यानें कोणतीहि मोठी संस्था उभी राहणार नाहीं, हें आम्ही जाणतों. पण त्या पांच रुपयांच्या बळावर धानाच्या नोंदणीच्या वेळीं एक साधा प्रश्न तरी विचारतां येईल: ह्या कागदांची प्रत कोणाकडे राहते, आणि काम झाल्यावर तिचें काय होतें? हा प्रश्न दिल्लींतील वकिलाच्या तोंडीं जितका शोभतो, त्याहून तो शेवटच्या बांधीच्या धन्याच्या तोंडीं अधिक शोभेल. आणि त्याचें उत्तर मिळवून देणारा माणूस आपल्या मुठीवर जगतो, हें त्यास ठाऊक असेल तर तो प्रश्न विचारण्यास तो कचरणार नाहीं.